अडतिसावा
(वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सार्गिस सार्ग्सियान या आर्मेनियन टेनिसपटूवर बोलेन असं मी कळवलं, तेव्हा कार्यवाहांनी फोनवर नाव दोनदा विचारून घेतलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. जागतिक क्रमवारीत या खेळाडूचं सर्वोच्च स्थान अडतिसावं. एकेरीत एटीपी दर्जाचं, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक मालिकेतलं, विजेतेपद एकच. ग्रँड स्लॅममधली सर्वांत मोठी मजल चौथ्या फेरीपर्यंतची. खेळाच्या पानावर मी बरीच वर्षं काम केलं. तिथं रात्री निकाल येऊ लागले की अशा खेळाडूची जागा ठरलेली असे: पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, ‘अन्य निकाल’ या मथळ्याखाली. जागा कमी पडली की सगळ्यात आधी कात्री लागायची ती याच ओळींना. त्या बारीक टाइपातल्या एका माणसाला आज तासभर द्यावा, असं मला मनापासून वाटलं.

दुसरं कारण असं, की ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो ते भूगोल शिकवत. त्यांच्या वर्गातला जगाचा नकाशा आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असेल. त्यात पूर्व युरोपपासून पॅसिफिकपर्यंत एकाच रंगात रंगवलेला सोव्हिएत संघ होता. त्या रंगाच्या खालच्या कडेला, तुर्कस्तान आणि इराणला लागून, एक लहानसा तुकडा होता, आर्मेनिया. सार्ग्सियान जन्मला तेव्हा त्या तुकड्याला स्वतःचा रंग नव्हता. सार्ग्सियान अठरा वर्षांचा झाला तेव्हा तो आला. त्याची कारकीर्द या एका गोष्टीपासून वेगळी काढून सांगता येत नाही.

आर्मेनिया आपल्याला वाटतो तितका परका नाही. मुंबईत फोर्टात, पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ मध्ये उभारलेलं सेंट पीटर्स चर्च आहे. ‘अझ्दारार’ हे जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं ते १७९४ मध्ये, आणि निघालं मद्रासमध्ये. जगभर पांगलेला हा समाज आहे. हे पांगणं पुढं आपल्या विषयात पुन्हा येईल.

सार्ग्सियानचा जन्म राजधानी येरेवानचा, ३ जून १९७३ चा. खेळाच्या दृष्टीनं ते वर्ष त्या भागाला लाभलं. येरेवानच्या अरारात या फुटबॉल संघानं त्या वर्षी सोव्हिएत लीग आणि सोव्हिएत कप दोन्ही जिंकले, मॉस्को आणि कीव्हच्या बलाढ्य संघांना मागं टाकून. येरेवानमध्ये आजही त्या संघातल्या खेळाडूंची नावं म्हातारी माणसं तोंडपाठ सांगतात. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या जॉर्जियाचा अलेक्झांडर मेत्रेवेली विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोचला. यान कोडेशकडून तो हरला. याच कोडेशनं त्या स्पर्धेत आपल्या विजय अमृतराजला उपांत्यपूर्व फेरीत रोखलं होतं. मेत्रेवेलीच्या नावापुढं अर्थातच ‘सोव्हिएत संघ’ लिहिलेलं होतं.

आर्मेनियाचे मानाचे खेळ म्हणजे बुद्धिबळ, कुस्ती, वेटलिफ्टिंग. तिग्रान पेत्रोस्यान १९६३ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, त्या पिढीपासून तिथं घराघरांत पट मांडलेला असतो. टेनिस या यादीत बसत नव्हतं, आणि सोव्हिएत व्यवस्थेलाही त्याचं फारसं प्रेम नव्हतं. त्या व्यवस्थेचा सगळा पैसा, सगळे प्रशिक्षक ऑलिंपिकच्या पदकांकडं बघून वाटले जात, आणि टेनिस १९२४ नंतर ऑलिंपिकच्या बाहेर गेलं होतं. ऐंशीच्या दशकात ते परत घ्यायचं ठरलं, १९८८ च्या सोल ऑलिंपिकला ते रीतसर परतलं, आणि मधल्या काळात सोव्हिएत क्रीडाशाळांतून टेनिसकडं नव्यानं लक्ष वळलं. सार्ग्सियान त्या वेळी नेमका शाळकरी वयात होता. दहा वर्षं आधी जन्मला असता तर कदाचित कुस्तीच्या आखाड्यात गेला असता.

आणि मग एकामागोमाग एक असं सगळं कोसळत गेलं. ७ डिसेंबर १९८८ ला स्पिताकचा भूकंप झाला. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. येरेवानजवळचा मेत्सामोर अणुवीज प्रकल्प धोक्याचा म्हणून बंद केला गेला. नागोर्नो-काराबाख या प्रदेशावरून अझरबैजानशी भूकंपाआधीच सुरू झालेला संघर्ष भडकत गेला. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तो अशा अवस्थेत, की पूर्वेची सीमा बंद, थोड्याच काळात पश्चिमेचीही बंद, आणि जॉर्जियातून येणारी गॅसवाहिनी वारंवार उडवली जात होती. येरेवानमध्ये दिवसातून तास-दोन तास वीज येई. हिवाळ्यात लोकांनी बागांतली झाडं तोडली, घरातल्या लाकडी फरशा उपटून शेगडीत घातल्या, पुस्तकंसुद्धा जाळली. अशा शहरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला टेनिसपटू व्हायचं होतं.

त्या वयाचं टेनिसमध्ये काय मोल असतं ते सांगतो. सार्ग्सियानहून तीनच वर्षांनी मोठा असलेला आंद्रे आगासी सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला. मायकेल चँग सतराव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकून बसला होता. पीट सॅम्प्रस एकोणिसाव्या वर्षी अमेरिकन ओपनचा विजेता होता. पंधरा ते वीस या पाच वर्षांत खेळाडूचे पाय, मनगट आणि मन घडतं. ज्याला ही वर्षं हवी तशी मिळत नाहीत, त्याला ती पुढं परत मिळत नाहीत. सार्ग्सियानच्या वाट्याला ती ज्या काळात आली त्या काळात त्याच्या देशाच्या क्रीडासंघटना कागदावरसुद्धा धड उभ्या राहिलेल्या नव्हत्या.

वाट सापडली ती अमेरिकेत. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी, टेम्पी. वाळवंटातलं गाव, बाराही महिने कोरडं ऊन.

अमेरिकन विद्यापीठांची क्रीडाशिष्यवृत्ती ही चीज आपल्याकडं नीट समजून घेतली जात नाही. शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं याची सोय होते. रोजचा सराव, प्रशिक्षक, फिजिओ, आणि आठवड्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळतो. मोबदल्यात विद्यापीठाच्या संघासाठी खेळायचं आणि परीक्षा पास व्हायच्या. ज्याच्या मागं संस्था नाही आणि घरी पैसा नाही, त्याला घडायला दोन-चार वर्षं उसंत देणारी यापेक्षा चांगली जागा टेनिसमध्ये मला माहीत नाही. सोव्हिएत क्रीडाशाळेनं त्याला बालपणीचा पाया दिला आणि अमेरिकन विद्यापीठानं तारुण्यातला आधार. स्वतःच्या देशाकडं देण्यासारखं तेव्हा नावाखेरीज काही नव्हतं. ते नाव त्यानं घेतलं आणि शेवटपर्यंत लावलं.

१९९५ मध्ये त्यानं एनसीएएचं, म्हणजे अमेरिकन आंतरविद्यापीठ स्पर्धेचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. तुमच्यापैकी काही जण सावरून बसतील म्हणून सांगतो: त्याच वर्षी त्याच स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद मिळवलं ते मिसिसिपी विद्यापीठाच्या महेश भूपतीनं, अली हमादेच्या साथीत. येरेवानचा एक मुलगा आणि भारतातला एक मुलगा, दोघंही परक्या विद्यापीठांचे टी-शर्ट घालून, एकाच वर्षीच्या विजेत्यांच्या यादीत आहेत. पुढं सोमदेव देववर्मननं व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं हेच एकेरीचं विजेतेपद आणलं. त्याच १९९५ च्या अखेरीला आर्मेनियानं मेत्सामोरचा प्रकल्प पुन्हा सुरू केला आणि येरेवानच्या घरांत दिवे परत आले.

बाविसाव्या वर्षी सार्ग्सियान व्यावसायिक झाला. उशीरच म्हणायचा.

व्यावसायिक टेनिसची शिडी बाहेरून दिसते तशी नाही. ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत १२८ जागा असतात. क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो तो साधारण पहिल्या १०४ जणांना. सोळा जागा पात्रता फेरीतल्या तीन लढती जिंकून येणाऱ्यांच्या, आणि आठ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांनी स्वतः वाटायच्या. ही वाइल्ड कार्डं बहुधा यजमान देशाच्या पोरांना जातात. ज्या देशात ग्रँड स्लॅम होत नाही, एटीपी स्पर्धा होत नाही, त्या देशाच्या खेळाडूला असा पुढचा दरवाजा कुणी उघडून देत नाही. आर्मेनियाचा खेळाडू प्रत्येक ठिकाणी पाहुणा. त्यातून पासपोर्ट असा, की युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कुठंही जायचं तर आधी व्हिसाच्या रांगेत उभं राहा. भारतीय खेळाडूंना हा अनुभव सांगायला नको. या आठवड्यात हरलास तर पुढच्या आठवड्याची स्पर्धा तिसऱ्याच देशात, तिकीट आज काढायचं आणि व्हिसा मिळणार चार दिवसांनी.

पैशाचंही तसंच. क्रिकेटपटूला संघ नेतो, जेवू घालतो. टेनिसपटू स्वतःच स्वतःचा मॅनेजर असतो. विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा, सरावाचा जोडीदार, प्रशिक्षक परवडला तर प्रशिक्षक, हे सगळं जिंकलेल्या रकमेतून. छोट्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलात तर बक्षिसाची रक्कम परतीच्या तिकिटालाही जेमतेम पुरते. वर क्रमवारीचे गुण बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी या आठवड्यात जे कमावलं ते या वर्षी पुन्हा कमवा, नाहीतर खाली या. म्हणजे पहिल्या शंभरात येणं हे एक काम आणि वर्षानुवर्षं तिथं राहणं हे त्याहून मोठं काम. सार्ग्सियान जवळजवळ दशकभर त्या शंभराच्या आत किंवा काठावर टिकून राहिला. मला त्याच्याविषयी जो आदर वाटतो तो आधी याबद्दल आहे, विजेतेपदाबद्दल नंतर.

आता विजेतेपद. जुलै १९९७, न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड. विम्बल्डन संपलं की दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेतल्या या किनाऱ्यावरच्या गावात गवतावरची स्पर्धा सुरू व्हायची. जागा ऐतिहासिक. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १८८१ मध्ये इथंच, न्यूपोर्ट कसिनोच्या आवारात झाली. टेनिसचं हॉल ऑफ फेम तिथंच आहे. गवत मात्र विम्बल्डनसारखं कातीव नाही. चेंडू नडगीच्या उंचीपर्यंत जेमतेम उठायचा, कधी एखाद्या उंचवट्यावरून भलतीकडं वळायचा. विम्बल्डननं थकलेले मोठे खेळाडू इकडं फिरकत नसत. आणि या स्पर्धेची एक ख्याती होती: १९७६ पासून २०१० पर्यंत पहिलं मानांकन मिळालेला एकही खेळाडू इथं विजेता झाला नाही. २०११ मध्ये जॉन इस्नरनं ती परंपरा मोडली.

गवत हे सार्ग्सियानचं घर नव्हतं. तो मागच्या रेषेवरून खेळणारा, प्रत्येक चेंडू परत आणणारा, समोरच्याला एक फटका जास्तीचा मारायला लावणारा खेळाडू. गवतावर अशा खेळाडूला गुडघे दुमडून जमिनीलगतच्या चेंडूखाली जावं लागतं, प्रत्येक फटक्याला. अंतिम फेरीत समोर न्यूझीलंडचा ब्रेट स्टीव्हन होता. निकाल ७-६, ४-६, ७-५. आर्मेनियाच्या नावावर खेळून एटीपीचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला पुरुष. त्याच्यानंतर आजपर्यंत दुसरा झालेला नाही.

न्यूपोर्टच्या विजेत्यांची यादी भारतीय वाचकानं जरूर पाहावी. १९७६, १९८० आणि १९८४ मध्ये विजय अमृतराज. १९९७ मध्ये सार्ग्सियान. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, लिएंडर पेस. पेसचंही एकेरीतलं एटीपी विजेतेपद ते एकच. पेसचा तो चषक आपण डोक्यावर घेतला, घ्यायलाच हवा होता. पण त्याच्या आदल्याच ओळीत जे नाव आहे त्यामागचा प्रवास किती लांबचा होता, हे तेव्हा आपल्याकडं कुणी लिहिलं नाही. आम्ही खेळाच्या पानावरच्यांनी लिहायला हवं होतं.

मधली वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती तशीच गेली. कधी पहिल्या शंभरात, कधी त्याच्या काठावर. पहिली फेरी, दुसरी फेरी, विमानतळ. आर्मेनियासाठी डेव्हिस कप. तिथं खालच्या गटांत लढती होत, प्रेक्षक थोडे, वृत्तपत्रांत ओळही नाही. डेव्हिस कपची रचना अशी, की एक दमदार खेळाडू एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळून लढत जवळजवळ एकट्याच्या जिवावर काढू शकतो. लहान देशांचं सारं गणित अशा एका माणसावर चालतं. आर्मेनियाचं सार्ग्सियानवर चाललं. डेव्हिस कपमध्ये त्या देशासाठी सर्वाधिक विजय त्याच्याच नावावर आहेत. ऑलिंपिकमध्येही तो देशासाठी उतरला. गुण आणि पैसा जिथं मिळतो ती स्पर्धा सोडून तिसऱ्या गटातल्या सांघिक लढतीला जायचं, याची किंमत खेळाडू स्वतःच्या खिशातून आणि क्रमवारीतून चुकवत असतो. डेव्हिस कपमधल्या आपल्या रामनाथन कृष्णनपासून पेसपर्यंतच्या परंपरेमुळं आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

तिशी उलटल्यावर त्याचा सर्वांत चांगला काळ आला. हे टेनिसमध्ये तेव्हा फार विरळा होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये मॉस्कोच्या क्रेमलिन कपमध्ये तो अंतिम फेरीत गेला. ज्या शहरातून एकेकाळी त्याच्या गावच्या क्रीडाशाळांचा कारभार हलत असे, तिथं तो आता वेगळ्या देशाचा खेळाडू म्हणून खेळला. अमेरिकेच्या टेलर डेंटनं त्याला ७-६, ६-४ असं हरवलं. त्या जोरावर जानेवारी २००४ मध्ये तो अडतिसावा झाला. जगात हजारो लोक पोटासाठी टेनिस खेळतात. त्यांतले फक्त सदतीस त्याच्या पुढं होते, आणि त्या सदतिसांच्या मागं बहुतेक वेळा फ्रान्स, स्पेन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना अशा देशांच्या भरभक्कम संघटना होत्या.

आता मी ज्यासाठी आज आलो ती लढत. अमेरिकन ओपन, २००४, दुसरी फेरी.

समोर चिलीचा निकोलास मासू. हा मासू कोण, हे आधी ध्यानात घ्या. थोड्याच दिवसांपूर्वी अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यानं फर्नांदो गोन्सालेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकलं होतं. चिलीच्या इतिहासातलं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. ती लढत मध्यरात्र उलटल्यावर संपली. त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं मार्डी फिशविरुद्ध पाच सेटची एकेरीची अंतिम लढत खेळून दुसरं सुवर्ण घेतलं. थकवा या गोष्टीशी ओळख नसलेला माणूस. चिली देश रस्त्यावर उतरून त्याच्या नावानं नाचत होता.

पाच सेट झाले. ६-७, ६-४, ३-६, ७-६, ६-४. वेळ लागला पाच तास नऊ मिनिटं. आकडा ऐकून पुढं जाऊ नका, थोडं थांबा. पाच तास नऊ मिनिटं म्हणजे आपण इथून एसटीनं निघालो तर कुठवर जाऊ, एवढा वेळ. एवढा वेळ हा माणूस उन्हाळ्याच्या अखेरच्या न्यूयॉर्कच्या दमट हवेत पळत होता. बाजू बदलताना बसायला नव्वद सेकंद. सेट संपला की दोन मिनिटं. त्या नव्वद सेकंदांत पाणी प्यायचं, केळं खायचं, भिजलेला शर्ट बदलायचा, मूठ घसरू नये म्हणून रॅकेटची पकड कोरडी करायची, मांडीत गोळा येत असेल तर पाय लांब करून ताणायचा. पहिल्या सात गेमनंतर आणि पुढं दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात. नवे चेंडू गुळगुळीत आणि वेगवान असतात, जुने फुगून मऊ आणि संथ झालेले. म्हणजे हाताला बसलेला अंदाज दर पाऊण-एक तासानं मोडायचा आणि पुन्हा बसवायचा. हे त्या दिवशी सहाएक वेळा झालं.

चौथ्या सेटच्या सुरुवातीला सार्ग्सियान एक विरुद्ध दोन असा मागं होता. तो सेट टायब्रेकरवर गेला. तिथं हरला असता तर सामना संपला असता, आणि दुसऱ्या दिवशी बारीक टाइपात ‘मासूची आगेकूच’ एवढंच आलं असतं. तो टायब्रेकर त्यानं काढला, आणि मग पाचवा सेट.

मी त्या निकालातले गेम मोजून पाहिले. एकूण पंचावन्न. सार्ग्सियानचे अठ्ठावीस, मासूचे सत्तावीस. मग न्यूपोर्टच्या अंतिम फेरीचे मोजले: पस्तीसपैकी सार्ग्सियानचे अठरा, स्टीव्हनचे सतरा. त्याच्या आयुष्यातल्या दोन सर्वांत मोठ्या विजयांत दोन्ही वेळा फरक एका गेमचा आहे. या माणसाला कुठलीच गोष्ट सढळ हातानं मिळाली नाही. जेवढं लागतं तेवढंच, अगदी मोजून मिळालं, आणि तेवढं पुरवून घ्यायची ताकद त्याच्यात होती. त्याच्या खेळाचं याहून नेमकं वर्णन मला करता येत नाही.

अमेरिकन ओपनच्या तोवरच्या इतिहासात याहून लांबलेली लढत एकच, १९९२ ची स्टीफन एडबर्ग आणि मायकेल चँग यांची उपांत्य लढत, पाच तास सव्वीस मिनिटांची. ती सगळ्यांना आठवते, कारण ते दोघं मोठे होते.

मासूनंतर तिसऱ्या फेरीत त्यानं फ्रान्सच्या पॉल-ऑन्री मात्यूला हरवलं. चौथ्या फेरीत समोर आला आंद्रे आगासी.

हा योगायोग मला नेहमी हलवून टाकतो. आगासीचे वडील इराणमधल्या आर्मेनियन कुटुंबातले. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ते इराणकडून मुष्टियुद्ध खेळले, मग अमेरिकेत गेले, लास व्हेगासला स्थिरावले आणि त्यांनी मुलाला टेनिसच्या चेंडूंच्या भडिमाराखाली वाढवलं. ऑटोमन तुर्की साम्राज्यातल्या १९१५ च्या नरसंहारानं आणि त्याच्या आगेमागे झालेल्या पांगापांगीनं आर्मेनियन माणसं अशी जगभर गेली. डेव्हिड नालबंदियान हा २००२ च्या विम्बल्डनचा उपविजेता, त्याचे आजोबा आर्मेनियातून अर्जेंटिनात गेलेले. रशियाचा कारेन खाचानोव्ह, ज्यानं २०१८ मध्ये पॅरिस मास्टर्सच्या अंतिम फेरीत जोकोविचला हरवलं, त्याचं वडिलांकडचं मूळ आर्मेनियन. या मातीचं रक्त टेनिसच्या शिखरावर अनेकदा पोचलं आहे, पण नावापुढचा झेंडा दर वेळी दुसऱ्याचा होता. सार्ग्सियानच्या नावापुढं लाल, निळा आणि नारिंगी पट्टा होता.

आगासीनं त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. सार्ग्सियानच्या अंगात काही उरलेलंच नव्हतं. तरीही स्वतंत्र आर्मेनियाचा खेळाडू ग्रँड स्लॅमच्या चौथ्या फेरीत आंद्रे आगासीसमोर उभा राहिला, आणि तिथं तो कुणाच्या वाइल्ड कार्डनं गेला नव्हता.

त्यानंतर काही वर्षांतच त्याचं खेळणं थांबलं. त्याच्या जागी आर्मेनियाच्या झेंड्याखाली खेळणारा दुसरा पुरुष पहिल्या पन्नासात आला नाही. काही काळ सगळं शांतच होतं. २०२४ मध्ये रशियात जन्मलेली आर्मेनियन वंशाची एलिना अवानेस्यान हिनं आर्मेनियाकडून खेळायचं ठरवलं आणि त्या देशाचं नाव पुन्हा मोठ्या स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलं. तिच्या निर्णयाचं मला कौतुक वाटतं. पण एकामागून एक खेळाडू येत राहण्यासाठी शाळकरी वयातली कोर्टं लागतात, प्रशिक्षक लागतात आणि अठरा ते बावीस या वयात कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं. सार्ग्सियानच्या वेळी हे काम दोन परक्या व्यवस्थांनी केलं. त्यांतली एक मोडून पडली, दुसरी सातासमुद्रापार आहे. एकटा माणूस वर्षानुवर्षं झेंडा धरू शकतो, पण दुसरा माणूस घडवायची व्यवस्था तो एकटा उभी करू शकत नाही.

आपल्याकडची गोष्ट फार वेगळी आहे का? आपल्या राज्यात दहावी आली की रॅकेट माळ्यावर जाते. जी जात नाही ती बारावीला जाते. सार्ग्सियानहून वर्षभरानं मोठा असलेला आपला गौरव नाटेकर १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला, तेव्हा राज्यात टेनिसचं वारं होतं. आज पुण्या-नाशिकचे आईबाप पोरांना अमेरिकन विद्यापीठांत पाठवायला बघतात, कारण इथं महाविद्यालयीन वयात टेनिसपटूसाठी जागाच नाही. आपल्या विद्यापीठांनी खेळाडूसाठी परीक्षेचं वेळापत्रक हलवायला शिकावं, वसतिगृह आणि कोर्ट एका आवारात द्यावं, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. यासाठी जागतिक दर्जाचं स्टेडियम लागत नाही. कुलगुरूंच्या सहीचा एक कागद लागतो.

आणि प्रेक्षक म्हणून आपलंही एक काम आहे. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपी स्पर्धा होत होती. ती गेली. तिच्या जागी एक पायरी खालची, चॅलेंजर दर्जाची स्पर्धा आली, तेव्हा बहुतेकांनी तिकडं पाठ फिरवली. २०२४ च्या फेब्रुवारीत ती स्पर्धा मोनाकोच्या व्हॅलेंतीन वाशरो नावाच्या तरुणानं जिंकली. मोनाको हा आर्मेनियाहूनही लहान देश. जेमतेम भरलेल्या त्या स्टँडसमोर चषक उचलणारा हा वाशरो ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक क्रमवारीत २०४ वा असताना शांघाय मास्टर्समध्ये पात्रता फेरीतून आत शिरला आणि उपांत्य फेरीत जोकोविचला हरवून तिथला विजेता झाला. आपल्या गावात येऊन तो खेळून गेला होता आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याला पाहिलं.

पुढच्या वेळी बालेवाडीत स्पर्धा भरेल तेव्हा अंतिम फेरीची वाट पाहू नका. सोमवारी सकाळी जा, पात्रता फेरी असेल तेव्हा जा, सुट्टी काढून मुलांना घेऊन जा, आणि ज्याचं नाव तुम्हाला उच्चारता येत नाही अशा खेळाडूसाठी टाळ्या वाजवा. एवढी विनंती करून मी थांबतो.